भिंतीजवळ काय चाललंय?

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. दोन-तीन ब्लॉगकर मित्रमैत्रिणींनी विचारून झालं, मावसबहिणीने तर "ब्लॉग मेला का गं?" असं थेटच विचारलं. मेला नाही. कामाच्या रामरगाड्यात लिहायचं राहून जातं, एवढंच. आज बसले त्याला कारण आहे परवा ऑफिसात झालेला एक छोटासा प्रसंग.

आमच्याकडे एक नवीन मुलगा आलाय. हुशार आहे, चटपटीत आहे. दुपारच्या जेवणानंतर खुर्ची सरकवत माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, या डिफ्यूजरला के-एप्सिलॉन लावू की एसएसटी?"

भाजीवाल्याने "मेथी देऊ की पालक?" विचारावं, तसं. मी "एसएसटी" म्हणून मोकळी होणार होते. पण शब्द तोंडातच राहिला, कारण २००७ सालची एक दुपार आठवली. ती दुपार मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही. घरी अर्धी सांगितली, ऑफिसात पाव. आज पूर्ण सांगते.

पण त्याआधी थोडं शास्त्र सहन करावं लागेल. (मावशी, पळू नकोस. सोपं करून सांगते.)

आई मला गेली वीस वर्षं विचारते की तू नेमकं काय करतेस. मी सांगते, पंखे, पाईप, धुराडी, गाड्या यांच्यातून किंवा भोवतून हवा-पाणी कसं वाहील ते आधी कॉम्प्युटरवर काढून बघायचं. तिचा पुढचा प्रश्न ठरलेला: "मग खरी हवा कुठे असते?" पूर्वी मी हसायचे. आता हसत नाही, कारण आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे.

नळ अगदी थोडा सोडला की काचेच्या कांडीसारखी धार पडते. जास्त सोडला की ती पांढरट, खळबळती होते. १८८३ मध्ये मँचेस्टरला ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीत रंगाची बारीक रेघ सोडून हा फरक दाखवला. वेग कमी असताना रेघ सरळ राहते, एका मर्यादेपुढे ती विस्कटते आणि सगळं पाणी रंगून जातं. या विस्कटण्याला टर्ब्युलन्स म्हणायचं. मोठ्या भोवऱ्यात लहान भोवरा, त्यात आणखी लहान. प्रवाहाची समीकरणं एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहेत. पण सगळ्यात लहान भोवऱ्यापर्यंत हिशेब करायचा तर कारखान्यातल्या एका साध्या डक्टसाठीसुद्धा महाभयंकर मोठा कॉम्प्युटर लागेल. म्हणून आपण सरासरी काढतो. भोवरे वगळायचे आणि त्यांचा एकूण परिणाम काय होईल त्याचा अंदाज घालायचा. हा अंदाज म्हणजे टर्ब्युलन्स मॉडेल.

बहुतेक मॉडेलांचा पाया एका जुन्या फ्रेंच कल्पनेवर आहे. बूसिनेस्क यांनी १८७७ मध्ये मांडलं की भोवऱ्यांमुळे द्रव जणू जास्त चिकट झाल्यासारखा वागतो. हा वाढीव चिकटपणा किती धरायचा, ते ठरवायच्या वेगवेगळ्या रीती. के-एप्सिलॉन हे त्यातलं सगळ्यात वापरलं गेलेलं. लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजातून लाँडर आणि स्पाल्डिंग यांनी १९७४ मध्ये ते ज्या रूपात मांडलं, त्याच रूपात ते आजही आमच्या मेनूमध्ये असतं. त्यात ०.०९, १.४४, १.९२ असे आकडे आहेत. मी नोकरीला लागले तेव्हा मला ते निसर्गनियमच वाटायचे. ते साध्या-सोप्या प्रवाहांवरच्या प्रयोगांशी जुळवून घेतलेले आकडे आहेत, हे बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

आता भिंत. घरातल्या छताच्या पंख्याच्या पात्यावर धूळ कशी बसते? एवढा गरगर फिरतो, उडून जायला हवी. पण पात्याला अगदी चिकटलेली हवा पात्याबरोबरच फिरते, पात्याच्या दृष्टीने ती स्थिर असते. म्हणजे भिंतीवर वेग शून्य आणि थोड्याशा अंतरावर पूर्ण. या पातळ थराचं महत्त्व १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत लुडविग प्रांटल यांनी सांगितलं. छापील निबंध जेमतेम आठ पानांचा, आणि पुढचं अख्खं विमानशास्त्र त्यावर उभं राहिलं.

हा थर आतून तीन मजली आहे. भिंतीलगत एक पातळ पापुद्रा, तिथे भोवऱ्यांचं काही चालत नाही, नुसता चिकटपणा. त्यावर एक गोंधळाचा मजला, तिथे दोघांची मारामारी. आणि त्यावर एक सुंदर, शिस्तीचा मजला, जिथे वेग अंतराच्या लॉगरिथमप्रमाणे वाढतो. फॉन कारमान यांनी १९३० मध्ये हा लॉगचा नियम मांडला. पाईप असो, सपाट पत्रा असो, हवा असो की पाणी, नियम तोच. आमच्या विषयात इतकी सार्वत्रिक गोष्ट दुर्मिळच.

हे मजले मोजायची पट्टी म्हणजे वाय प्लस. मिलिमीटरमध्ये मोजलं तर प्रत्येक प्रवाहात आकडे वेगळे येतात, म्हणून भिंतीवरच्या घर्षणावरून काढलेल्या एककात अंतर मोजायचं. पाचपर्यंत पापुद्रा, पाच ते तीस गोंधळ, तीसच्या वर लॉगचा मजला. सेकंदाला २० मीटर वेगाच्या हवेत वाय प्लस ३० म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. आणि वाय प्लस १ म्हणजे ०.०१७ मिलिमीटर, केसाच्या जाडीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास!

कॉम्प्युटरवर आपण सगळी जागा बारीक बारीक सेलमध्ये तोडतो, त्या जाळीला मेश म्हणायचं. प्रश्न असा की भिंतीजवळचा पहिला सेल केवढा ठेवायचा. प्रामाणिक मार्ग दोन. एक, पहिला सेल थेट वाय प्लस १ ला ठेवायचा, त्यावर हळूहळू जाड होत जाणारे पंधरा-वीस थर रचायचे आणि भिंतीपर्यंत हिशेब करणारं मॉडेल घ्यायचं. दोन, पहिला सेल तीसच्या वर ठेवायचा आणि खाली काय चाललंय ते न बघता लॉगच्या नियमावर विश्वास टाकायचा. याला वॉल फंक्शन म्हणतात. दुसरा मार्ग कितीतरी स्वस्त आहे, आणि जिथे तो नियम लागू आहे तिथे उत्तम चालतो.

मधला, म्हणजे गोंधळाच्या मजल्यावरचा सेल दोन्हीकडचा नसतो. आणि यातली मेख अशी की "जाळी बारीक केली की उत्तर सुधारतं" हा कॉलेजात शिकलेला मंत्र इथे उलटतो. वॉल फंक्शन ठेवून जाळी बारीक करत गेलं की पहिला सेल तीसच्या खाली घसरतो आणि उत्तर बिघडत जातं. चित्र मात्र जास्त देखणं होतं.

असो. झालं शास्त्र. आता २००७.

तेव्हा मी पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत होते (नाव घेत नाही). एका कारखान्याच्या हवा खेळवायच्या यंत्रणेचं काम आलं होतं. पंख्याकडून अरुंद डक्ट येणार, ती रुंद होत होत फिल्टरच्या खोलीला जोडली जाणार. हा रुंद होणारा भाग म्हणजे डिफ्यूजर. वर काँक्रीटची तुळई असल्याने वरचा पत्रा सपाट, सगळं रुंदीकरण खालच्या बाजूने. जागा कमी, त्यामुळे उतार पंधरा अंशांचा. हवा सगळ्या फिल्टरवर सारखी पसरली पाहिजे, ही अट.

पत्र्याचं काम भोसरीच्या एका वर्कशॉपला होतं. मालकांना सगळे काकाच म्हणायचे. शिक्षण आयटीआय, अनुभव तीस वर्षं. ड्रॉइंग बघताक्षणी ते म्हणाले, "ताई, हा कोन फार उघडा आहे. हवा खालचा पत्रा सोडणार. दीड मीटर लांब करू, नाहीतर मध्ये दोन आडवे पत्रे तरी टाकू."

मी त्यांना लॅपटॉपवर चित्र दाखवलं. लाल, पिवळा, हिरवा, निळा. खालच्या पत्र्याला गुळगुळीत चिकटून जाणारा प्रवाह, फिल्टरवर सगळीकडे सारखा रंग. काकांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "कॉम्प्युटर म्हणतो म्हणजे बरोबरच असंल." यात उपहास नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तीन महिन्यांनी फोन आला. वरच्या रांगेतले फिल्टर काळे ठिक्कर पडून तुंबले होते आणि खालच्या रांगेतले नुकते पाकिटातून काढल्यासारखे पांढरे. मी साइटवर गेले. तिथल्या सुपरवायझरने डिफ्यूजरची झडप उघडून खालच्या पत्र्यावर लोकरीचे तुकडे चिकटपट्टीने लावून ठेवले होते. पंखा चालू केला, टॉर्च मारला. पहिले काही धागे पुढे वाहत होते. मग एक रांग वळवळत, कुठे जावं हे न कळल्यासारखी. आणि त्यापुढचे सगळे धागे पंख्याकडे तोंड करून, उलटे. हवा पत्रा सोडून गेली होती आणि खाली एक मोठा फुगा मागे मागे फिरत होता. काका म्हणाले होते तस्संच.

त्या रात्री मी पहिल्यांदा वाय प्लसचं चित्र काढलं. पहिल्यांदा! काम देताना काढलंच नव्हतं, कारण रिपोर्टात ते कुणी मागत नाही. डक्टमध्ये आकडा होता १२. गोंधळाच्या मजल्यावर, बरोबर मधोमध नसला तरी आतच. झालं असं होतं की जाळीची सेटिंग मी आधीच्या एका कामातून उचलली होती. त्या कामात वेग बराच जास्त होता, तिथे तीच जाळी तीसच्या वर जायची. वेग उतरला, वाय प्लस उतरला, मी मात्र फाईल तीच ठेवली.

म्हणजे चूक जाळीची? मलाही वाटलं, चला, सापडलं. पहिला सेल नीट तीसच्या वर नेला, के-एप्सिलॉन तेच, पुन्हा चालवलं. प्रवाह परत चिकटूनच! मग उलट केलं. जुनीच जाळी, पण मॉडेल एसएसटी. हे फ्लोरियन मेंटर यांनी १९९४ मध्ये मांडलेलं मॉडेल. भिंतीजवळ ते के-ओमेगा असतं, दूर गेलं की के-एप्सिलॉन होतं, आणि दाबाच्या चढावर वाढीव चिकटपणाला लगाम घालतं. त्याने फुगा अर्धामुर्धा दाखवला, तोही भलत्या जागी. शेवटी वाय प्लस १ ची जाळी केली, वीस थर, सगळे मिळून जेमतेम सहा मिलिमीटर जाडीचे. त्यावर एसएसटी. आधीचं गणित एका रात्रीत होत असे, याला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सकाळी स्क्रीनवर फुगा होता, धागे वळवळत होते साधारण तिथेच.

मॉडेल निवडणं आणि जाळी निवडणं हे सॉफ्टवेअरच्या दोन वेगळ्या खिडक्यांमध्ये येतं म्हणून आपल्याला ते दोन निर्णय वाटतात. निर्णय एकच आहे: भिंतीजवळचं आपण बघणार, की न बघता गृहीत धरणार?

आणि डिफ्यूजर ही गृहीत धरायची जागाच नव्हे. रुंद होताना हवा मंदावते, दाब चढत जातो, भिंतीजवळची थकलेली हवा त्या चढावर धापा टाकायला लागते. लॉगचा नियम सरळ पाईपात जन्मलेला, त्याला हा चढ ठाऊक नाही. शिवाय के-एप्सिलॉन अशा ठिकाणी भिंतीजवळ भोवऱ्यांचा जोर वाजवीपेक्षा जास्त धरतं, त्यामुळे थकलेल्या हवेला फुकटचा दम मिळतो आणि ती भिंत सोडत नाही. हे माहीत असलेलं दुखणं होतं. स्टॅनफर्डमध्ये बाइस आणि ईटन यांनी एकाच बाजूला दहा अंश उतार असलेल्या डिफ्यूजरवर केलेली मोजणी १९९७ पासून उपलब्ध होती, आणि त्या डिफ्यूजरवर के-एप्सिलॉन वॉल फंक्शनसकट नापास होतं हेही छापून आलं होतं. माझा डिफ्यूजर म्हणजे त्याचाच जास्त उतरता भाऊ. मी वाचलं नव्हतं. काकांनीही वाचलं नव्हतं म्हणा, पण त्यांना माहीत होतं.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली आणि अंगावर काटाच आला. प्रवाह जिथे भिंत सोडतो त्या रेषेवर घर्षण शून्य होतं. वाय प्लस घर्षणावरूनच काढतात. म्हणजे त्या रेषेवर वाय प्लसही शून्य. जिथे सगळ्यात जास्त गरज, नेमकी तिथेच मोजपट्टी हातातून जाते.

(जाता जाता: भिंतीवरचं हे घर्षण थेट मोजणं महाकठीण. आपल्या सतीश धवनांनी पीएच.डी.साठी कॅलटेकमध्ये १९५० च्या सुमारास तेच केलं होतं. पत्र्याचा एक छोटा तुकडा सुटा ठेवायचा आणि वारा त्याला किती ओढतो ते मोजायचं. इस्रोचे अध्यक्ष वगैरे नंतरचं. मला ते या सुट्या तुकड्यासाठी जास्त आवडतात.)

त्या शनिवारी घरी गेले ती तोंड पाडूनच. बाबांनी विचारलं काय झालं. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, अर्धी नोकरी नीरा डाव्या कालव्यावर. मी वॉल फंक्शन समजावून सांगितलं आणि म्हटलं, "भिंतीजवळ न बघता उत्तर दिलं, बाबा. तिथेच चूक झाली."

ते म्हणाले, "न बघता तर आम्हीही देत होतो की."

आणि मग कालव्याचं पाणी कसं मोजायचे ते सांगितलं. करंट मीटर म्हणजे वाट्यांचं फिरकं, ते काठीला लावून पाण्यात सोडायचं. तळाशी नेता येत नाही, वाट्या गाळात रुततात. म्हणून उथळ पाण्यात पृष्ठभागापासून ०.६ खोलीवर एकदाच मोजायचं, आणि तोच त्या उभ्या रेषेतला सरासरी वेग धरायचा. पाणी खोल असेल तर ०.२ आणि ०.८ ला मोजून दोन्हींची सरासरी.

"०.६ का?" मी विचारलं.

"ते पुस्तकात असतं," बाबा म्हणाले.

मी तिथेच पेपराच्या कडेला मांडून बघितलं. लॉगच्या नियमाची तळापासून पृष्ठभागापर्यंत सरासरी काढली की ती सरासरी तळापासून ०.३७ उंचीवर मिळते. म्हणजे वरून ०.६३. बाबांचा ०.६! जन्मभर ते कारमान यांचाच नियम वापरत होते आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. मला इतका आनंद झाला की काही क्षण डिफ्यूजर विसरायला झालं.

बाबांना मात्र त्याचं फारसं काही वाटलं नाही. ते म्हणाले, "पण आम्ही जागा बघून मोजायचो. वळणावर नाही. गेटाच्या खाली नाही. गवत माजलंय तिथे नाही. सरळ टप्पा सापडेपर्यंत कालव्याच्या कडेने चालत जायचं, कधी अर्धा-पाऊण किलोमीटर. तुझा सरळ टप्पा होता का?"

नव्हता. जिथे वळण, गेट आणि गवत सगळं एकत्र, अशा जागी मी ०.६ लावला होता.

आता ती पाव गोष्ट, जी घरीही सांगितली नाही.

सोमवारी मी साहेबांना सगळं दाखवलं. जुनी जाळी, १२ चा आकडा, नवं उत्तर. साहेब शांतपणे ऐकून म्हणाले, हे ग्राहकाला सांगितलं तर पुढचं काम जाईल. मग ग्राहकाला जे पत्र गेलं त्यात एक वाक्य होतं: "प्रत्यक्ष जोडणीतील फरकांमुळे निकालात तफावत संभवते." मसुदा मी टाईप केला. "जोडणीतील" हा शब्द साहेबांचा. तो खोडायला माझा हात गेला नाही. नोकरीला तीन वर्षं झाली होती, घराचं कर्ज नुकतं सुरू झालं होतं, वगैरे वगैरे. कारणं काय, हवी तेवढी मिळतात.

जोडणी म्हणजे काका. ग्राहकाने त्यांचं बिल सात महिने अडवलं. मधले दोन आडवे पत्रे, जे ते पहिल्या दिवशीच टाकू म्हणत होते, ते त्यांनी स्वतःच्या खर्चाने टाकले. पत्रे टाकल्यावर फिल्टर सारखे मळायला लागले. बसवायच्या दिवशी मी गेले होते. काकांनी चहा मागवला. काम किती लांबेल, पाऊस कधी, अशा गप्पा झाल्या. माझ्या बॅगेत वाय प्लसच्या चित्राचा प्रिंट होता. दाखवायचा म्हणूनच नेला होता. तसाच परत आणला.

त्यांना कळलं असेल का? मला वाटतं कळलं होतं. डिफ्यूजरच्या आत वाकून पत्रा ठोकताना ते एवढंच म्हणाले होते, "ताई, पत्रा वाकवताना हाताला कळतं हो."

तर आता परवाच्या प्रश्नाकडे. मी त्या मुलाला म्हटलं, आधी मला वाय प्लस दाखव. त्याला वाटलं मॅडम टाळतायत. पण काढलं त्याने. सुबक जाळी होती, जवळजवळ सगळीकडे एकच्या आत, त्यामुळे एसएसटी लावायला हरकत नव्हती. तो खूष. मग मी भूमिती नीट बघितली आणि पोटात गोळा आला. याच्या डिफ्यूजरमध्ये वरचा पत्राही तिरका आहे आणि एक बाजूचाही.

याचीही एक कथा आहे. २००८ मध्ये स्टॅनफर्डच्याच मंडळींनी नेमका असा, एक वरची आणि एक बाजूची भिंत कलती असलेला चौकोनी डिफ्यूजर तपासला. वेग मोजायला चक्क दवाखान्यातलं एमआरआय यंत्र वापरलं, आतून पाणी सोडून. प्रयोगात फुगा वरच्या भिंतीवर आला. मग जगभरच्या लोकांनी तो आपापल्या मॉडेलने काढून बघितला. एसएसटीसारख्या मॉडेलांनी फुगा दाखवला, पण बाजूच्या भिंतीवर! जाळी कितीही बारीक केली तरी तेच. कारण चौकोनी डक्टच्या कोपऱ्यांत मुख्य प्रवाहाला आडवे असे मंद भोवरे असतात. वाढीव चिकटपणाच्या सरळसोट कल्पनेत ते उमटतच नाहीत. बूसिनेस्क यांच्या १८७७ च्या कल्पनेची ही हद्द.

(बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, अरुंद कालव्यात सगळ्यात जास्त वेग पृष्ठभागावर नसतोच, थोडा खाली असतो. तो या कोपऱ्यातल्या आडव्या भोवऱ्यांचाच प्रताप. ब्याऐंशीव्या वर्षीही माणूस माझ्या एक पाऊल पुढे! बाबा, हे वाचून कमेंटमध्ये चुका काढाल, माहीत आहे.)

म्हणजे २००७ मध्ये मला तारणारं उत्तर या डिफ्यूजरला कदाचित बुडवेल. मुलगा हिरमुसला. "मग लावू काय, मॅडम?" त्याला सांगितलं, दोन गोष्टी करू. एक, चिकटपणाची कल्पना सोडून भोवऱ्यांचे ताण वेगवेगळे मोजणारं रेनॉल्ड्स स्ट्रेस मॉडेल चालवून बघू. त्रासदायक आहे, मध्येच कोलमडतं, पण निदान त्याला कोपरे दिसतात. दुसरं, रिपोर्टात स्पष्ट लिहू की फुगा कुठल्या भिंतीवर येईल याची खात्री या गणितातून देता येत नाही.

ते वाक्य वाचून ग्राहकाचा फोन आलाच. "खात्री देता येत नाही तर पैसे कशाचे?" मी म्हटलं, पत्र्याचा लहान नमुना करून धागे लावून बघू, दोन दिवसांचं काम आहे. थोडी घासाघीस झाली, पण मानलं त्यांनी.

नमुना कोण करणार? मी भोसरीला फोन लावला. मुलाने उचलला. वर्कशॉप आता तोच बघतो. म्हणाला, "बाबा अजून रोज सकाळी येऊन बसतात, अकरापर्यंत असतात. तुमचं नाव काढतात कधी कधी."

आईला काल विचारलं, जुनी लोकर आहे का थोडी? तिने माळ्यावरच्या पिशवीतून एक लाल गुंडा काढून दिला, माझ्याच शाळेच्या स्वेटरमधून उरलेला. म्हणाली, "हिचं काय करणार तू?"

"हवा कुठे जाते ते बघायचंय," मी म्हटलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच तिने पुढचा प्रश्न विचारला नाही.

बुधवारी सकाळी नऊलाच निघायचं ठरवलंय, अकराच्या आत पोचायला हवं. गुंडा बॅगेत टाकलाय. तो १२ आकड्याचा प्रिंटही कपाटात सापडला, पिवळा पडलाय पण आकडा वाचता येतो. तोही टाकलाय.